बांधीच्या मापाचा ट्रॅक्टर

धानोऱ्याकडे ट्रॅक्टर घ्यायचा विषय निघाला की आधी विचारले जाते ते किती एचपीचा, आणि मग कोणत्या कंपनीचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधी आणखी दोन प्रश्न सुटायला हवेत: ज्या बांध्यांत तो उतरणार त्या केवढ्या आहेत, आणि वर्षाकाठी त्याला काम किती तासांचे आहे. गडचिरोलीहून पूर्वेला छत्तीसगडच्या हद्दीवरच्या मुरूमगावापर्यंत पसरलेल्या या तालुक्यात शेती जंगलाच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांत बसलेली आहे. पीक मुख्यतः धानाचे, तेही पावसावरचे आणि बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच. उतारावर वरून खाली एकेक बांधी, तिच्याभोवती धुरा, वरच्या बांधीचे पाणी खालच्या बांधीत. या रचनेला लहान, हलका आणि चारही चाकांनी ओढणारा ट्रॅक्टरच जुळतो, आणि असा ट्रॅक्टर एका घराने एकट्याने घेतला तर तो त्या घराला पोसवत नाही. या दोन विधानांपैकी पहिले लोकांना लवकर पटते. दुसरे पटत नाही, आणि कर्जाचा फास बसतो तो तिथेच.

आधी बांधी पाहू. वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, म्हणजे दोन गुंठ्यांची बांधी या भागात काही नवलाची नाही. ४५ एचपीचा ट्रॅक्टर मागच्या रोटावेटरसह पाच मीटरच्या आसपास लांब भरतो. त्याला वळायला दोन्ही टोकांना चार-साडेचार मीटर जागा सोडावी लागते, म्हणजे वीस मीटरच्या लांबीत सरळ चाल मिळते जेमतेम अकरा-बारा मीटर. उरलेला वेळ वळण्यात, मागेपुढे करण्यात आणि रोटावेटर उचलण्या-टेकवण्यात जातो. चारही कोपरे तसेच राहतात आणि ते कुदळीने खणायला घरची माणसे उतरतात. भाडे मात्र पूर्ण तासाचे पडते. वीस-पंचवीस एचपीचा ट्रॅक्टर अवजारासह साडेतीन मीटरच्या आत बसतो, रुंदीला एक-सव्वा मीटर असतो, आणि साडेतीन-चार फुटी रोटावेटरने स्वतःच्या चाकांचे माग पुसत जातो. शिवाय एका बांधीतून दुसरीत जायला मोठ्या ट्रॅक्टरसाठी धुरा सहा-सात फूट फोडावा लागतो, लहानासाठी चार फुटांत भागते. धुरा फोडणे म्हणजे पाणी सोडणे. तो पुन्हा बांधायचा, चिखल लावून ठोकायचा, आणि पहिल्या मोठ्या सरीत तो फुटला तर खालच्या शेतकऱ्याशी वाद ओढवून घ्यायचा. कागदावरच्या एचपीत हा खर्च कुठेच दिसत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. धानाच्या बांधीत वर मऊ चिखल आणि खाली वर्षानुवर्षांच्या चिखलणीने घट्ट झालेला थर असतो. पाणी धरून ठेवतो तो हा खालचा थर. ४५ एचपीचा ट्रॅक्टर अठराशे-दोन हजार किलोंचा, त्यावर अवजाराचे वजन. तो रुतला की मागचे चाक जागेवर फिरते आणि हा थर फोडते. मग त्या खड्ड्यात पाणी जिरते, आणि दोन पावसांत खंड पडला की तेवढीच जागा आधी भेगाळते. वीस एचपीच्या खालचा ट्रॅक्टर सहाशे ते साडेआठशे किलोंचा, पंचवीसच्या आसपासचा त्याहून थोडा जड. अर्थात सगळी माती सारखी नाही. काळी भारी कन्हार आणि मध्यम मोरांड चिखलात चाक धरून ठेवतात, तर वाळूमिश्रित पिवळसर सिहार लवकर मोकळी होते, आणि मुरमाड बरडीवर जडपणाचा त्रास फारसा नाही. ज्याची सगळी जमीन बरडीची आहे त्याला वजनाचा हा मुद्दा तितका लागू होत नाही. पण धान चांगला पिकतो तो सखल, भारी बांध्यांत, आणि तिथे हलकेपणा हाच गुण ठरतो.

हलकेपणाची किंमत पकडीत मोजावी लागते, आणि इथे चारही चाकांची ओढ लागते. दोन चाकी ओढीचा १५ एचपीचा ट्रॅक्टर स्वस्तात मिळतो. स्वराज ७१७ किंवा महिंद्रा युवराज २१५ हे त्या वर्गातले, एका सिलिंडरचे. कोरड्या वखरणीला आणि फवारणीला ते चालतात, पण गुडघाभर चिखलात पुढची चाके नुसती ढकलली जातात आणि स्टेअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. पुढचा अ‍ॅक्सल ओढत असेल तर वळताना तो ट्रॅक्टरला वळणाकडे खेचतो, आणि छोट्या बांधीत सगळा खेळ वळणाचाच आहे. महिंद्रा जिवो २४५ हा २४ एचपीचा, कुबोटा निओस्टार ए २११ एन आणि महिंद्रा ओजा २१२१ हे २१ एचपीचे, व्हीएसटी शक्तीचा एमटी १८० डी हा साडेअठराच्या आसपासचा, म्हणजे हलक्या मातीपुरता. चारही चाकांच्या ओढीचा ट्रॅक्टर या पट्टीत बघावा. यांतल्या कोणत्याही एका नावाची शिफारस करण्यात अर्थ नाही, कारण महाराष्ट्रात मिनी ट्रॅक्टरने नाव कमावले ते नाशिकच्या द्राक्षबागांत आणि कापूस-उसाच्या दोन ओळींमध्ये. तिथे अरुंद असणे पुरते. इथे चिखल आत शिरू न देणे जास्त मोलाचे आहे. पुढच्या अ‍ॅक्सलचे सील, ब्रेकचे घर, क्लचची पेटी यांत चिखलपाणी गेले तर दुसऱ्या हंगामातच खर्च सुरू होतो.

हे दुकानात उभे राहून कळत नाही, पण कळण्याची सोय आहे. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची शेतीयंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिथे तपासलेल्या ट्रॅक्टरचा अहवाल विक्रेत्याकडे मागता येतो. त्यात पीटीओवर (अवजाराला ताकद देणाऱ्या मागच्या दांड्यावर) प्रत्यक्ष किती ताकद मिळते, डिझेल किती लागते, मागची लिफ्ट किती उचलते आणि चिखलणीनंतर कुठल्या भागात पाणी शिरले का, हे लिहिलेले असते. रोटावेटर आणि मळणीयंत्र पीटीओच्या ताकदीवर चालतात आणि ती इंजिनच्या आकड्याच्या साधारण ८५ टक्के भरते. १५ एचपीच्या ट्रॅक्टरला रोटावेटरसाठी बारा-तेराच उरतात. म्हणून भारी मातीत २० च्या खाली जाऊ नये, आणि ३० च्या वर गेले की वजन व लांबी पुन्हा बांधीच्या बाहेर जाऊ लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो बिनतोड वाटतो. नव्या लहान ट्रॅक्टरच्या पैशात जुना ४० एचपीचा मिळतो, तो शेतीही करतो आणि उरलेले वर्ष ट्रॉली ओढून पैसे आणतो. हे खरे आहे, आणि ज्याचा मुख्य धंदा विटा, रेती, सिमेंट वाहण्याचा आहे त्याने मोठाच घ्यावा. पण तो वाहतुकीचा धंदा झाला, त्याचा हिशेब वाहतुकीच्या मिळकतीवर मांडायला हवा. शेतकऱ्याला ट्रॉली लागते ती खत, परे (धानाची रोपे), धान आणि सरपण यांसाठी, आणि धान खरेदी केंद्रापर्यंतच्या एक-दीड टनाच्या खेपेला २४ एचपी पुरतात. जुन्या मोठ्या ट्रॅक्टरचा दुसरा धोका दुरुस्तीचा. सुटे भाग गडचिरोलीहून, नाहीतर चंद्रपूर-नागपूरहून यायचे, आणि ऐन रोवणीत चार दिवस ट्रॅक्टर उभा राहिला की परे वाढून बसतात. उशिरा लावलेल्या जास्त दिवसांच्या पऱ्ह्यांना फुटवे कमी येतात. हा तोटा कोणत्याही बिलात नसतो, तो पोत्यांत दिसतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे आणि मला तो जास्त वजनाचा वाटतो: ट्रॅक्टर हवाच कशाला, बैल-हेले (रेडे) आहेत, फार तर पॉवर टिलर घ्या. हेल्याची जोडी चिखलात उत्तम चालते, शेण देते, डिझेल मागत नाही. पण सहा इंची तासाने एक एकर नांगरायला जोडीमागे सुमारे २७ किलोमीटर चालावे लागते, आणि ते एका पाळीला. जोडीला बारा महिने चारा-पाणी हवे, तिला चरायला नेणारे माणूस हवे, आणि वाघाचा वावर वाढलेल्या रानात गुराखी मिळणे अवघड झाले आहे. ज्यांच्या घरी जोडी टिकून आहे त्यांनी ती विकून ट्रॅक्टरमागे लागू नये, असेच मी म्हणेन. प्रश्न आहे तो जोडी मोडलेल्या घरांचा, आणि अशी घरे वाढत आहेत. पॉवर टिलर १३ एचपीच्या आसपासचा, किमतीने कमी आणि अगदी चिंचोळ्या बांधीतही वळणारा. त्याच्या साठ सेंटिमीटरच्या पट्ट्याने एक एकर चिखलणी करताना चालवणारा माणूस पावणेसात किलोमीटर चिखलातून चालतो, हात सतत थरथरत. दोन पाळ्या, तीन-चार एकर, म्हणजे पन्नास किलोमीटरच्या घरात. तरणा माणूस ते करतो, पन्नाशीचा करू शकत नाही. दोन एकरांपर्यंत आणि घरात धडधाकट हात असतील तर टिलर योग्य; त्यापुढे बसून चालवायचे यंत्र हवे.

आता तासांचा हिशेब, कारण निवडीचे खरे गणित त्यात आहे. सव्वा मीटरच्या आतला रोटावेटर लहान बांध्यांत एकराला एका पाळीस अडीच तास घेतो असे धरू. एक उन्हाळी किंवा पहिल्या पावसाची पाळी आणि चिखलणीच्या दोन, मिळून एकराला साडेसात तास. चार एकरांच्या घराचे झाले ३० तास. मळणी, वाहतूक धरून ५० म्हणा. ट्रॅक्टर, रोटावेटर, केजव्हील (चिखलासाठीची लोखंडी चाके) आणि लहान ट्रॉली मिळून सात लाख लागले असे धरले, दहा वर्षांनी दहावा हिस्सा किंमत उरेल असे मानले, तर वर्षाला घसारा ६३ हजार, सरासरी गुंतवणुकीवर दहा टक्क्यांनी व्याज साडेअडतीस हजार, आणि विमा-निवारा मिळून आठ-नऊ हजार. म्हणजे किल्ली न फिरवताही वर्षाचे एक लाख दहा हजार. ५० तासांवर वाटले तर तासाला २,२०० रुपये, आणि त्यात डिझेल अजून पडलेलेच नाही. भाड्याचा दर गावागणिक बदलतो, तरी तो या आकड्याच्या पुष्कळ खाली असतो. तोच ट्रॅक्टर वर्षाला ४५० तास चालला तर हा बोजा तासाला २४५ वर येतो. त्यात डिझेलचे सव्वादोनशे, चालवणाऱ्याचे शंभर, तेल-दुरुस्तीचे पाऊणशे घातले की साडेसहाशेच्या आत काम होते. यंत्र तेच, शेत तेच. फरक फक्त ते किती जणांचे आहे याचा.

कर्ज आणि अनुदान या गणितात कुठे बसतात तेही पाहायला हवे. ट्रॅक्टरच्या मोठ्या कर्जाला बँका जमिनीचे तारण बघतात. या तालुक्यात अनेक घरांची कसती जमीन वनहक्काच्या पट्ट्याची आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तो हक्क वारसांना जातो, पण विकता वा हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे पट्टा असूनही बँकेच्या दारात तो हलका ठरतो, आणि मग खासगी वित्त कंपनीचे चढे व्याज गळ्यात पडते. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून अनुदानासाठी राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातींना टक्केवारी जास्त, पण तिला रुपयांची कमाल मर्यादा असते, म्हणून किंमत जितकी वाढवाल तितका आपला वाटा वाढतो. सामाजिक न्याय विभागाची ९० टक्क्यांची मिनी ट्रॅक्टर योजना महाराष्ट्रभर माहीत आहे: ९ ते १८ एचपीचा ट्रॅक्टर आणि अवजारे, साडेतीन लाखांच्या मर्यादेत ३ लाख १५ हजार सरकारचे. ती अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांसाठी आहे. धानोऱ्यातली गोंड गावे अनुसूचित जमातीची असल्याने तिच्यात बसत नाहीत, आणि तिची १८ एचपीची मर्यादाही इथल्या भारी चिखलाला अपुरी पडते. आदिवासी विकास विभागाने धानपट्ट्यासाठी अशी योजना आखताना २० ते २८ एचपी आणि चारही चाकांची ओढ अशी अट घातली तर तिचा उपयोग होईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याने भार थोडा हलका झाला आहे. पण करात वाचलेले पैसे मोठे मॉडेल घेण्यात घालवणे ही चूक होईल. ते अवजारांत घालावेत.

सामाईक मालकी म्हटले की लोक मान हलवतात. सगळ्यांचे ते कुणाचेच नाही, आणि काम सगळ्यांचे एकाच पंधरवड्यात येणार. दोन्ही शंका खऱ्या अनुभवातून आलेल्या आहेत, त्यांना उत्तर द्यायलाच हवे. पंधरवड्याचे उत्तर आकड्यात आहे. दिवसाला दहा तास चालवून दोन पाळ्यांची चिखलणी दोन एकर होते. वीस दिवसांत चाळीस एकर. म्हणजे तीन-चार एकरांची दहा-बारा घरे एका ट्रॅक्टरवर बसतात, त्याहून जास्त नाही. अख्ख्या गावाचा एक ट्रॅक्टर ही कल्पना म्हणूनच मोडते. एका उताराचा एक ट्रॅक्टर टिकतो. रोवणी झालेल्या बांधीतून ट्रॅक्टर नेता येत नाही, म्हणून ज्याचे शेत आत, टोकाला आहे त्याचे काम आधी, वाटेकडच्याचे शेवटी. क्रम जमिनीनेच लावून दिलेला असतो. तलावाचे, बोडीचे पाणी पाळीने घेणाऱ्या शेतकऱ्यांना हा क्रम नवा नाही. कुठल्या टोकापासून सुरुवात करायची यावरून तंटा होऊ नये म्हणून परे टाकण्याच्या तारखाही त्याच क्रमाने मागेपुढे ठेवाव्यात, हे मात्र मुद्दाम ठरवावे लागेल.

मालकीच्या शंकेला बाहेरचे दोन दाखले विचारात घ्यावेत. जपानमध्ये लहान धानखाचरांसाठी लहान ट्रॅक्टर घरोघरी आले, यंत्र उत्तम होते, पण प्रत्येक घराने आपापले घेतल्याने यंत्रांचे हप्ते हाच शेतीचा मोठा खर्च झाला आणि लोकांना कारखान्यातल्या पगारातून ते भागवावे लागले. बांगलादेशात १९८८ च्या महापुरात गुरे मोठ्या संख्येने गेली, सरकारने चिनी पॉवर टिलरच्या आयातीवरची बंधने सैल केली, आणि थोड्या लोकांनी यंत्र घेऊन बाकीच्यांची जमीन भाड्याने नांगरून देण्याची रीत देशभर पसरली. तुकड्यांची शेती असूनही तिथली नांगरट यंत्रावर गेली ती प्रत्येकाने यंत्र न घेता. तिसरा दाखला घराजवळचा. धानोऱ्यापासून तीनेक किलोमीटरवरच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, आणि २०१३ साली गावाने ग्रामदानाचा, म्हणजे जमीन गावाच्या मालकीची करण्याचा, निर्णय घेतला. हजाराहून अधिक सामूहिक वनहक्क मिळालेल्या या जिल्ह्यात ग्रामसभा तेंदू-बांबूचे लिलाव करतात, मजुरी वाटतात, बँक खाते चालवतात. लाखांचा हिशेब जी ग्रामसभा उघड्यावर मांडते तिच्या देखरेखीखालच्या गटाला ट्रॅक्टरची वही ठेवणे जड जाऊ नये. मी ग्रामसभेलाच मालक करा असे म्हणत नाही. मालकी बारा घरांच्या गटाची असावी, पहिले भांडवल ग्रामसभेने बिनव्याजी उसने द्यावे आणि वसुली तासाच्या दरातून व्हावी. खासगी वित्त कंपनीचे व्याज वाचते ते इथे.

वही म्हणजे काय तेही सांगतो. ट्रॅक्टरवर तासांचे मीटर असते. शेतात शिरताना आणि निघताना त्यावरचा आकडा, डिझेल, शेतकऱ्याची सही. दर तासाचा, एकराचा नाही, नाहीतर वाकड्या बांधीवाल्याचे काम कुणी करणार नाही. दरातले ठरावीक पैसे दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. चालवणारे दोघेच, पगारी, बाकी कुणाच्या हाती किल्ली नाही. बहुतेक सामाईक यंत्रे मोडतात ती या एका नियमावाचून. आणि चालवणाऱ्याला धुरा ओलांडायचे शिक्षण हवे: धुरा तिरपा कधीच घ्यायचा नाही, काटकोनात घ्यायचा, चढ उभा असेल तर मागे घेत चढायचे. पुढचे टोक उचलले गेले की हलका ट्रॅक्टर क्षणात मागे उलटतो आणि खाली चिखल असला तरी माणूस वाचतोच असे नाही. मागे संरक्षक कमान असलेलेच मॉडेल घ्यावे, तिचे पैसे वाचवू नयेत.

ट्रॅक्टरबरोबर काय घ्यायचे याचाही क्रम आहे. रोटावेटर आणि केजव्हील पहिल्या दिवशी, ट्रॉली त्यानंतर. तिसरे स्थान मी लहान मळणीयंत्राला देईन, आणि त्याचे कारण या तालुक्यापुरते खास आहे. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून मुरूमगावच्या बाजूने रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात आला, तेव्हापासून शेतात रचून ठेवलेले धानाचे पुंजणे हा रात्रीचा धोका झाला आहे. मोठे मळणीयंत्र ३५ एचपीच्या वर मागते आणि गावात येईपर्यंत आठवडे जातात; वीस-पंचवीस एचपीवर चालणारे लहान यंत्र दिवसाला कमी धान काढते, पण कापणीनंतर लगेच बांधीवर पोहोचते. पुंजणे जितक्या कमी रात्री बाहेर राहील तितके बरे.

यातल्या कशानेही बायकांचे काम कमी होत नाही, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. नांगरट, चिखलणी, वाहतूक ही पुरुषांची कामे यंत्रावर जातात आणि रोवणी, निंदण, कापणी वाकूनच चालू राहते. उलट चिखलणी झपाट्याने झाली की रोवणीचा रेटा वाढतो. ज्या बांध्या महिनाभरात तयार व्हायच्या त्या वीस दिवसांत तयार होतात आणि तेवढ्याच बायकांना पाण्यात जास्त तास उभे राहावे लागते. म्हणून गटाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या शिल्लकीतून चार ओळींचे रोवणी यंत्र घेण्याचा ठराव ट्रॅक्टर घेतानाच करावा. त्याला ट्रेवरचे परे लागतात, म्हणून गटातल्या बायकांनी पहिल्याच पावसाळ्यात दोन-चार गुंठ्यांवर ते करून पाहावेत, आणि वहीवर सही करणाऱ्यांत निम्म्या त्या असाव्यात.